इटलीची सायकल, कुडव्याचा पाना

सायकलचा उजवा कप उलटा खुलतो, हे मला बाराखडीच्या आधी ठाऊक होतं. जगात आटे असलेली जी म्हणून वस्तू आहे, बाटलीचं झाकण काय नि नळाची तोटी काय, ती डावीकडे फिरवली की सुटते. सायकलवर मात्र दोन जागा उरफाट्या. एक डावं पायडल. दुसरा उजवा कप, म्हणजे पायडलचा धुरा ज्या दोन लोखंडी कपांमध्ये फिरतो त्यांतला साखळीकडचा. तो उजवीकडे फिरवला तर सुटतो आणि डावीकडे फिरवला तर आणखी आवळतो. आमच्या घरी हे कुणी शिकवत नसे. चूल विस्तवाने पेटते, तसंच हेही होतं.

बाबांनी गोंदियाला लागूनच्या कुडव्यात, घरासमोरच्या टिनाच्या दुकानात, चाळीसच्या वर वर्षं सायकली दुरुस्त केल्या. त्याआधी ते गोंदियाच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते. कुणी नवखा येऊन उजवा कप डावीकडे रेटायला लागला, की बाबा हातातलं काम टाकून ओरडायचे, "तुह्या बापाच्या घरचे आटे होत का रे?" गिऱ्हाइकालाही सोडायचे नाहीत. माझा राग कुठून आला, असं शाळेत सहकारी विचारतात. मी त्यांना कुडव्याचा पत्ता सांगते.

मी गणित शिकवते. गोंदियाहून वीसेक किलोमीटरवरच्या गावात हायस्कूल आहे, तिथे रोज स्कूटीने जाते. सायकल मिस्त्रीची मुलगी स्कूटीवर फिरते, हे बाबांनी मला अजून माफ केलेलं नाही. मी माहेरीच राहते. त्याची कारणं माझी मी जाणते, आणि कुणी खोदून विचारलं तर चांगलं ऐकवते.

दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. डाव्या बाजूला. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठी घेऊन चालायलाही लागले, पण डावा हात थरथरत राहिला आणि उजव्या हातालाही पूर्वीचा भरवसा उरला नाही. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. बाबा समोर खाटेवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाक्या पाहत राहायचे. मी व्यायाम करा म्हणायची, ते हो म्हणायचे, करायचे नाहीत. आई असती तर तिने करवून घेतला असता. माझ्याने फक्त भांडण व्हायचं.

अशा दिवसांत, धान कापणीला आला होता तेव्हा, एका दुपारी आमच्या दारात पांढरी गाडी थांबली.

गाडीतून उतरले ते गोंदियातले जुने डॉक्टर. मोठ्या शेतीवाल्या घरातले, ऐंशीला टेकलेले, ताठ. गावातली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांच्याकडून सुई टोचून घेतलेली. त्यांच्या ड्रायव्हरने मागचं दार उघडून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि चादर सोडली. डाळिंबी रंगाची सायकल होती. पोलादाच्या बारीक नळ्या, सांध्यांवर नक्षीकाम, पुढचं चाक धरणारा चकचकीत चिमटा, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. मी सायकलींच्या ढिगात लहानाची मोठी झाले, पण असली सायकल मी कधी पाहिली नव्हती. बाबा खाटेवरून उठून उभे राहिले होते. काठी न घेता.

"मिस्त्री," डॉक्टर म्हणाले, "ही इटलीची रेसिंग सायकल. बाहेर शिकायला होतो तेव्हा घेतली, जहाजाने आणली. बीस साल से बंद पडी है. आता मी पुण्याला चाललो मुलाकडे, हमेशा के लिए. घर विकलं. मुलगा म्हणतो, हॉलमध्ये भिंतीवर टांगू, वरून लाइट सोडू." ते जरा थांबले. "मला ती एकदा चालताना पाहायची आहे. नागपूरच्या दुकानवाल्यांनी हात टेकले. म्हणाले, खालचं सगळं जाम आहे, फ्रेम कापावी लागेल. महिनाभर आहे मी इथे. होईल का?"

बाबा वाकले, फ्रेमची वरची नळी उजव्या हातात धरली आणि सायकल उचलली. मी धावले, पण सायकल केव्हाच वर गेली होती. आमच्या साध्या काळ्या सायकलीच्या निम्मंसुद्धा वजन नसेल तिचं. लकव्यानंतर पहिल्यांदाच बाबांनी सायकल उचलली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी तोंड फिरवलं.

"ठेवून जा," बाबा म्हणाले.

गाडी गेल्यावर बाबा सायकलसमोर पाटावर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हीच होय वं. पन्नास वर्षं झाली असतीन."

मग त्यांनी सांगितलं. ते विशीत होते, बाजारातल्या दुकानात कामाला. डॉक्टर नुकतेच परदेशातून आलेले. एका सकाळी याच सायकलीवरून आले, थोडं ग्रीस मागायला. दुकानातली सगळी माणसं गोळा झाली. बाबांनी सायकल पाहिली आणि त्यांना राहवलं नाही. सांध्यावर धूळ बसली होती, ती पुसायला ते फडकं घेऊन पुढे झाले. डॉक्टर म्हणाले, "हात लावू नको." एवढंच. दुकानातली माणसं हसली. डॉक्टर ग्रीस घेऊन निघून गेले आणि पुढे वर्षानुवर्षं सायकलचं सगळं काम स्वतःच्या पान्यांनी घरीच करत राहिले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि तरी तुम्ही घेतली कामाला?"

"सायकलीनं काय केलं वं माहं?"

"त्यांना आठवतंय तरी का?"

"कायले आठवन. तू काई बोलू नोको त्यायले. सांगून ठेवतो."

बाबांचं म्हणणं, डॉक्टर ते सायकलीपुरतं म्हणाले होते, महागाची वस्तू होती, कुणालाही म्हणाले असते. असेल. मी तिथे नव्हते. पण दुकानातला कोणता माणूस कोणत्या वस्तीतून येतो हे त्या बाजारात सगळ्यांना पाठ होतं, आणि हसणाऱ्यांना तर नक्कीच होतं. आमच्या दुकानात पान्यांच्या फळीच्या वर निळ्या कोटातला फोटो आहे. बाबांनी त्या संध्याकाळी दोन वर्षांनी शटर उघडलं तेव्हा आधी त्याच्यावरची धूळ पुसली. मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं, हे मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

काम सुरू झालं. मी शाळेतून आले की त्यांच्या हाताखाली बसायची. डॉक्टरांनी त्यांच्या पान्यांचा डबा दिला होता, त्यातल्या एका यंत्राने दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, निघाले. डावा कप सहज सुटला. आतून काळं झालेलं ग्रीस, गंज आणि किडलेल्या दाण्यांसारखे छर्रे बाहेर पडले. बाबांनी बोट घालून उजव्या कपाची आतली बाजू चाचपली. खड्डे पडले होते. तो बदलल्याशिवाय सायकल फिरणार नव्हती. आणि बदलायचा म्हणजे आधी काढायचा.

बाबांनी तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी कपावर पाना चढवला, पान्यावर नळीचा तुकडा घातला आणि उजवीकडे जोर लावला. कुठे फिरवायचं याचा त्यांनी विचार केला नाही. गोंदियापासून केशोरीपर्यंतच्या एकाही मिस्त्रीने केला नसता. कप हलला नाही. पुन्हा तेल, पुन्हा जोर. मी नळीवर लोंबकळले. तिसऱ्या वेळी पाना सटकला, बाबा माझ्या अंगावर आले आणि पान्याच्या टोकाने डाळिंबी रंगावर बोटभर लांब ओरखडा ओढला.

बाबांनी ओरखड्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. दोन्ही थरथरत होते.

"माहे हात गेले वं," ते म्हणाले.

ते खाटेवर जाऊन निजले ते तीन दिवस उठले नाहीत. जेवायला उठत तेवढंच, तेही दोन घास. डॉक्टरांना फोन कर म्हणाले, घेऊन जा म्हणाव सायकल, टांगा म्हणाव भितीले. "मले बी टांगा तिच्या बाजूले." हे ऐकल्यावर माझा तोल गेला. मी खूप बोलले. शेजारच्यांनी ऐकलं असेल इतकं. तुम्हाला काही करायचंच नाही, तुम्हाला फक्त बसून राहायचंय, असं म्हणाले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दुकानात जाऊन बसले आणि रडले. मला भीती वाटत होती, आणि भीती सायकलची नव्हती. हा कप निघाला नाही तर हा माणूस पुन्हा पाना हातात धरणार नाही, हे मला कळून चुकलं होतं.

रडून झाल्यावर करायला काही नव्हतं म्हणून मी कपांचा डबा ओढला. बाबांचा बेत होता की खराब कप काढून आपल्या साध्या सायकलचे कप बसवायचे. डावी बाजू तर मोकळीच होती. निदान तिकडचा तरी बसवून ठेवू म्हणून मी एक नवा कप घेतला आणि फ्रेमच्या भोकाला लावला. आटे पकडायच्या जागी कप हातातून सुटला, सरळ आत गेला आणि खण्णकन वाजला. फ्रेम तिरकी करून मी तो काढला. पुन्हा लावला. पुन्हा खण्ण.

"काय पडलं?" बाहेरून खाटेवरून आवाज आला.

"कप."

"खाली?"

"आत. आपला कप बसत नाही यात. आरपार जातो."

मग काठीचा आवाज. बाबा दारात उभे होते, तीन दिवसांची दाढी वाढलेले. "आरपार?" त्यांनी माझ्या हातून कप घेतला, स्वतः लावला, खण्ण वाजवला. मग डॉक्टरांच्या सायकलचा काढलेला डावा कप उचलला आणि मला म्हणाले, "पूस. काई लिहून हाये का पाह." मी डिझेलने पुसला. काळपटाखालून आकडे आले. छत्तीस, गुणिले, चोवीस.

"छत्तीस मिलिमीटर असेल," मी म्हणाले. "आपला किती?"

"आपला पस्तिसालेही कमीच." बाबा खाली बसले. कप हातात फिरवत राहिले. आणि मग त्यांनी जे म्हटलं ते मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिणार होते, इतकं ते मला आवडलं. ते म्हणाले, "माप आपलं नाही, तं आटे काऊन आपले असतीन?"

मी हातातलं डिझेलचं फडकं खाली ठेवलं.

"तो उजवा उलटा नसन वं. सीधाच असन. मी त्याले खोलून नाही राहिलो होतो. तीन दिवस आधी मी त्याले आवळून राहिलो होतो!" आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या बापांच्या आट्यांवरून शिव्या देत आला, त्याने स्वतःच कप उलटा रेटला होता. हात गेलेच नव्हते. हातांनी तर इतकं चोख काम केलं होतं की कप आता दुप्पट घट्ट बसला होता.

दुप्पट घट्ट, हीच आता अडचण. पाना पुन्हा सटकला असता. बाबांनी वेगळी युक्ती काढली. कोपऱ्यात लाकडी टेबलाला बोल्ट मारून वाइस बसवलेला आहे, लोखंडी जबड्याचा. टेबल ओढून दुकानाच्या मधोमध घेतलं. सायकलची फ्रेम उताणी नाही, कुशीवर आडवी केली आणि उजवा कप खाली वाइसच्या जबड्यात गच्च पकडला. म्हणजे आता कप जागेवर आणि फिरवायची ती अख्खी फ्रेम. कोणत्या बाजूला, हे मी वहीत आकृती काढून पडताळायला लागले. बाबा म्हणाले, "वही ठेव. डावीकडं." पन्नास वर्षांत उजव्या कपासाठी त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला नसेल.

त्यांनी सीटची बाजू धरली, मी हँडलची. जोर लावला. काही नाही. पुन्हा लावला. माझी चप्पल घसरली, मी ती फेकली आणि अनवाणी पाय रोवले. "लाव वं, जेवली नाही का?" बाबा ओरडले. इतक्या दिवसांनी ते माझ्यावर ओरडले होते. तिसऱ्या जोराला खालून कर्र असा आवाज आला आणि फ्रेम आमच्या हातांत वीतभर फिरली.

आम्ही थांबलो. एकमेकांकडे पाहिलं. मग फिरवत राहिलो. खळ्यावर धान चुरणाऱ्या बैलांसारखे आम्ही बापलेक त्या वाइसभोवती गोल गोल फिरलो, बाबा काठीशिवाय, फ्रेमचाच आधार घेऊन, पाय ओढत. शेवटच्या फेरीला फ्रेम हलकी होऊन हातात आली आणि कप वाइसमध्ये राहिला. बाबांनी त्याच्यावरचे आटे अंगठ्याने पाहिले. "सीधे," ते म्हणाले, आणि मला चहा मांडायला सांगितलं.

आकडे कळल्यावर पुढचं सोपं होतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या मुलाने पुण्याहून त्या मापाचे कप, धुरा आणि टायर मागवून पाठवले. भिंतीवर टांगायला निघालेल्या मुलालाही एव्हाना उत्सुकता लागली होती, तो रोज फोन करायचा. बाबांनी चाकं सरळ केली, एकेक तार बोटाने वाजवून आवळली. डाव्या हाताने चाक धरायचं, उजव्याने चावी फिरवायची. मी जो व्यायाम दोन वर्षं करा म्हणत होते, तो असा आपोआप झाला.

नवा उजवा कप बसवायच्या दिवशी मात्र ते अडून बसले. म्हणाले, "आपल्या सायकलीत उजवे आटे उलटे कायले ठेवतेत? पायडल मारता मारता कप खुलू नये म्हनून. इथं सीधे ठेवले. मंग हा तं खुलनच. इतक्या मोठ्या सायकली बनवतेत ते लोक, हे नाही समजलं त्यायले?" इटलीतल्या एकूण एक मिस्त्रीला त्यांनी त्या दिवशी मूर्खात काढलं. मग मला नळाच्या दुकानात पाठवून सफेदा आणि सूत आणवलं. नळकरी जोडाला गुंडाळतात तसं त्यांनी कपाच्या आट्यांवर सूत गुंडाळलं, सफेदा थापला आणि कप आवळला. तीन दिवस वाळू दिला. मग पांढऱ्या रंगात बारीक काडी बुडवून त्यांनी एक रेघ ओढली, अर्धी कपावर आणि अर्धी फ्रेमवर. "ही रेघ तुटली नाही तं कप हलला नाही. चालवून आल्यावर पाहाची."

"पण चालवणार कोण?" मी विचारलं. डॉक्टरांना चालवणं शक्य नव्हतं. बाबांनाही नाही.

"मी सांगून टाकलं त्यायले फोनवर. माही पोरगी चालवन. बोदलकसाच्या तलावापर्यंत."

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. माझे गुडघे जिना चढताना बोलतात. शेवटची सायकल मी कॉलेजात चालवली होती, आणि पहिली सात वर्षांची असताना, बाबांच्या चोवीस इंचीच्या फ्रेममधून पाय घालून, कैची मारत. मी हे सगळं बाबांना मोठ्या आवाजात सांगितलं. ते म्हणाले, "मंग स्कूटीवर जा."

मी आठवडाभर पहाटे कुडव्याच्या गल्ल्यांतून सराव केला. त्या सायकलवर बसायचं नसतं, निजायचं असतं जवळजवळ. गिअरची कांडी खाली नळीवर, ती कुठे थांबवायची हे कानाने ठरवायचं. पाय अडकवायला पायडलला चामड्याचे पट्टे. पहिल्या दिवशी पाय सुटला नाही आणि मी नळावरच्या बायकांसमोर आडवी झाले. "मॅडमबाई, इतक्या वाकून काय शोधून राहिल्या जी?" एकीने विचारलं. चौथ्या दिवशी त्याच नळावरून मी अशी गेले की त्यांच्या माना वळेपर्यंत मी कोपऱ्यावर होते. खोटं कशाला सांगू, मी मागे वळून पाहिलं.

डॉक्टर जायच्या आधीच्या रविवारी आम्ही निघालो. मी पुढे, सलवारचे घोटे रबराने बांधलेले, आणि मागे पांढरी गाडी. गाडीत ड्रायव्हरशेजारी डॉक्टर आणि मागच्या सीटवर बाबा, मांडीवर पान्याची पिशवी. थंडी पडली होती. शेतांत धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे रचलेले, कापलेल्या धसकटांवर दव. तिरोड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी घाबरत चालवलं. नंतर सायकलने मला सांगितलं की घाबरायचं काही नाही. दुसरं कसं सांगू? मी जेवढा जोर देत होते तेवढा सगळा ती पुढे नेत होती, काही वाया जाऊ देत नव्हती. तणस भरलेल्या ट्रॅक्टरला मी मागे टाकलं. वरचा माणूस ओरडला, "अरे बापरे, मॅडम!" मी जोरात घंटी वाजवली असती, पण त्या सायकलला घंटीच नाही.

पुढे वळून जंगलाचा रस्ता लागला आणि चढण सुरू झाली. मी गिअर उतरवला, उभी राहून पायडल मारायला लागले आणि तेवढ्यात खालून आवाज आला. टक. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा. टक. टक. उजव्या बाजूने.

कप सुटत होता. गाडी मागेच होती, काच खाली होती, बाबांना ऐकू गेलंच असेल. थांबावं का? थांबले तर बाबा उतरतील, रेघ पाहतील, आणि पुन्हा ती खाट. मी थांबले नाही. तोंडाने इटलीवाल्यांना, डॉक्टरांना, सफेद्याला, सगळ्यांना शिव्या देत चढत राहिले. छाती फुटायची वेळ आली. आणि त्याच वेळी खाली पाहिलं तर उजव्या पायडलच्या चामडी पट्ट्याचं लोंबतं टोक दर फेरीला फ्रेमवर आपटत होतं. टक. एका हाताने मी ते टोक आत खोचलं. आवाज बंद.

त्यानंतरची चढण मी कशी चढले ते मला आठवत नाही. उतारावर मी ओरडले एवढं आठवतं. शब्द नव्हते, नुसतं ओरडले, आणि डोळ्यांतून वाऱ्याने की कशाने पाणी वाहत होतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, साग झपाझप मागे पळतोय, आणि सायकलचा आवाज म्हणाल तर नुसता साखळीचा. समोर तलाव उघडला. काठावर कोळी जाळी झटकत होते, ते थांबून बघायला लागले. मी ब्रेक दाबला, पाय आधी सोडवला आणि न पडता उतरले.

गाडी आली. बाबा मागच्या दारातून स्वतः उतरले. मी सांगणार होते की तो आवाज पट्ट्याचा होता, पण दम लागला होता. डॉक्टर माझ्याआधीच सायकलजवळ पोचले. त्यांचे डोळे ओले होते आणि ते लपवत नव्हते. "चली," ते म्हणाले, "क्या चली." मग गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि कपाकडे बोट नेलं.

"थांबा," बाबा म्हणाले. "हात नोका लावू. आधी मी पाहतो."

त्यांनी हे ठरवून म्हटलं नव्हतं. त्यांना रेघ बघायची होती, बाकी काही डोक्यात नव्हतं, मी त्यांना ओळखते. पण डॉक्टरांचं बोट तिथेच थांबलं. ते बाबांकडे बघायला लागले. दिलेला शब्द पाळत मी आयुष्यात इतकी गप्प कधी राहिले नसेन.

बाबांनी काठी बाजूला टाकली आणि माझा खांदा धरून खाली बसले. खिशातून फडकं काढलं, कपावरची धूळ पुसली. रेघ दिसली. कपावरचा अर्धा तुकडा आणि फ्रेमवरचा अर्धा तुकडा समोरासमोर होते, केसभरही सरकले नव्हते. बाबांनी तिच्यावर अंगठा ठेवला. त्यांचा हात थरथरत होता आणि त्यांना त्याची काही पडली नव्हती.

"बाजारातलं ते दुकान," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मी ग्रीस मागायला आलो होतो. कुणीतरी असंच फडकं घेऊन पुढे आलं होतं. ते तुम्ही होता, मिस्त्री?"

"मीच होतो जी," बाबा म्हणाले.

डॉक्टर उभेच राहिले. "गलत बोला था मैंने," एवढंच शेवटी जमलं.

बाबांनी फडक्याची घडी केली, खिशात ठेवली आणि बसल्या जागी थोडे बाजूला सरकले.

"आता लावा," ते म्हणाले.

डॉक्टर इस्त्रीच्या पँटीसकट मातीत बसले आणि त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.